‘वस्तुपाठ’ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठे शोभतो?

‘पारदर्शक कारभाराचा वस्तुपाठ.’ ‘संयमी फलंदाजीचा वस्तुपाठ.’ ‘त्यांचं जीवन म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ.’ वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला हा शब्द सवयीचा असतो. शाळेत कुणी तो मुद्दाम समजावून दिलेला नसतो, तरी अर्थ साधारण कळतो: काहीतरी चांगलं, इतरांनी पाहावं आणि घ्यावं असं. असा साधारण कळलेला शब्द मग कुठेही चिकटवता येतो. वरच्या तीन वाक्यांपैकी पहिल्या दोन्हींना माझी हरकत नाही. तिसऱ्यात मात्र शब्द वाया गेलाय असं मला वाटतं.

आधी अर्थ सांगून टाकतो. एखादी गोष्ट कशी करायची हे प्रत्यक्ष करून दाखवणारं, आणि पाहणाऱ्याला त्यातून ती शिकता येईल असं उदाहरण म्हणजे वस्तुपाठ. यात ‘करून दाखवणारं’ आणि ‘शिकता येईल असं’ हे दोन्ही भाग महत्त्वाचे. त्यातला एक जरी गळला, तरी उरतं ते निव्वळ कौतुक, आणि कौतुकासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही.

शब्द आला वर्गातून

‘वस्तुपाठ’ दिसायला संस्कृत असला, तरी तो शिक्षणशास्त्रातला शब्द आहे. इंग्रजीतल्या ‘ऑब्जेक्ट लेसन’चा हा मराठी प्रतिशब्द. वस्तू समोर ठेवून घेतलेला पाठ, तो वस्तुपाठ.

या कल्पनेचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. योहान हाइनरिख पेस्टालोझी (१७४६–१८२७) या शिक्षकाचं म्हणणं असं, की मूल आधी डोळ्यांनी, हातांनी, कानांनी शिकतं. शब्द नंतर येतात. तेव्हाच्या शाळांमध्ये नेमकं उलट चालायचं. पुस्तकातली व्याख्या आधी पाठ, आणि वस्तू कधी दिसली तर दिसली. पेस्टालोझीची इव्हर्दों गावातली शाळा पाहायला युरोपभरातून लोक येत. त्यांत इंग्लंडचे चार्ल्स मेयो होते. त्यांची बहीण एलिझाबेथ मेयो हिने १८३०च्या सुमारास असे पाठ शिक्षकांना वापरता येतील अशा रीतीने लिहून काढले. तिचा पहिलाच पाठ काचेचा आहे.

हा पाठ चालायचा कसा ते बघा. बाई काचेचा तुकडा मुलांच्या हातात देतात. तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. मग प्रश्न. हाताला कसा लागतो? गार. आणखी? गुळगुळीत. डोळ्यासमोर धरला तर? पलीकडचं दिसतं. इथे बाई पहिल्यांदा फळ्यावर शब्द लिहितात: पारदर्शक. मुलाला आधी पलीकडचं झाड दिसलेलं असतं, त्याला नाव नंतर मिळतं. दाबून पाहिला तर दबत नाही, म्हणून कठीण; पण पडला तर फुटतो, म्हणून ठिसूळ. कठीण आणि ठिसूळ हे एकाच वस्तूत एकत्र नांदू शकतात, ही तशी अवघड गोष्ट. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती व्याख्येने सांगायला गेलात तर तास जाईल, आणि काचेच्या तुकड्याने ती पाच मिनिटांत होते.

पुढे या पाठांची रया गेली. बऱ्याच ठिकाणी गुणांची यादीच पाठ करून घेतली जाऊ लागली. म्हणजे वस्तू गेली आणि पाठ तेवढा राहिला. शब्दाचंही आज थोडं असंच झालंय, पण त्याकडे नंतर येतो.

आपल्याकडे ही कल्पना तिच्या मूळ रूपात पाहायची तर पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला जावं लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या बालवाड्यांत महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आणली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मोजायला खडे, रंग ओळखायला फुलं-पानं. वस्तुपाठ या शब्दातली ‘वस्तू’ इथे अगदी शब्दशः हातात आहे.

बी.एड. किंवा डी.एड. केलेल्यांना आणखी एक जवळचा शब्द आठवेल: दिग्दर्शन पाठ. प्राध्यापक खऱ्या वर्गावर, खऱ्या मुलांना शिकवतात, आणि भावी शिक्षक मागच्या बाकांवर बसून टिपणं काढतात. त्यानंतर त्यांचे स्वतःचे सराव पाठ सुरू होतात. आज आपण ‘वस्तुपाठ’ ज्या अर्थाने वापरतो, त्याचं चित्र या वर्गाइतकं स्पष्ट दुसरीकडे सापडणार नाही: कुणीतरी करतोय, आणि शिकायला आलेला माणूस मागे बसून बघतोय.

एक हरलेला सामना

वर्गाबाहेरचं उदाहरण घेतो. मार्च १९८७, बंगळूर, भारत विरुद्ध पाकिस्तान, मालिकेतला शेवटचा कसोटी सामना. खेळपट्टी अशी, की चेंडू हातभर वळतोय आणि मधेच उसळतोय. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत आटोपला होता. मणिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेतले होते. चौथ्या डावात भारताला हव्या होत्या २२१. समोर पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज तौसीफ अहमद आणि इक्बाल कासीम. सुनील गावस्करचा हा शेवटचा कसोटी डाव.

त्याने ९६ धावा केल्या. त्या डावात दुसऱ्या कुणाला तीसही करता आल्या नाहीत. कासीमच्या एका उसळलेल्या चेंडूवर तो स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला, आणि भारत १६ धावांनी हरला.

आता, वळणाऱ्या खेळपट्टीवर फिरकी कशी खेळावी याचा वस्तुपाठ म्हणून हा डाव आजही सांगितला जातो. का? शतक नाही, विजय नाही, मालिकाही गेली. पण त्या डावात पद्धत दिसते. चेंडू शेवटपर्यंत पाहायचा, बॅट पुढे ढकलायची नाही, हात इतके सैल ठेवायचे की चेंडू बॅटला लागून पायाशी मरावा आणि शॉर्टलेगला उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काही लागू नये. ज्या चेंडूला खेळायची गरज नाही, त्याला खेळायचं नाही. हे सगळं बघणाऱ्याला दिसतं, आणि शाळकरी मुलाला उद्या नेटमध्ये करून पाहता येतं. गावस्करइतकं जमणार नाही हे उघड आहे. पण काय करायला हवं हे कळतं.

म्हणून यश ही वस्तुपाठाची अट नाही. उलट एखादा फलंदाज डोळे मिटून बॅट फिरवतो, पाच षटकार बसतात, सामना जिंकतो. तो डाव अफाट असेल, थरारक असेल, पण त्यातून शिकायचं काय? ‘आक्रमक फलंदाजीचा वस्तुपाठ’ असा मथळा दुसऱ्या दिवशी हमखास येतो. मला तो पटत नाही. तिथे ‘तडाखा’ लिहा, ‘आतषबाजी’ लिहा.

अख्खा माणूस की एक बाब

वस्तुपाठ नेहमी कशाचा तरी असतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर त्याला आधी एक षष्ठी लागते: ‘फिरकी खेळण्याचा’, ‘काटकसरीचा’, ‘वाद कसा घालावा याचा’. नुसतं ‘ते वस्तुपाठ होते’ हे वाक्य लटकतं. याउलट ‘ते माझे आदर्श होते’ हे वाक्य पूर्ण आहे. आदर्श हा अख्खा माणूस असतो. वस्तुपाठ त्या माणसाने केलेल्या एका बाबीपुरता.

हा फरक समजायला एकोणिसाव्या शतकातलं पुणं बरं पडतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. शास्त्राधार काढून त्यांनी सनातन्यांशी वाद घातला. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता हा माणूस विधवेशी लग्न करणार अशी अनेकांची अपेक्षा होती. वडिलांचा आग्रह आडवा आला आणि त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. टीका झाली, आणि ती होणारच होती.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८९३ साली, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका विधुर प्राध्यापकापुढे हाच प्रश्न उभा राहिला. धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडने, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावाने, बहिष्कार टाकला. विधवाविवाहाच्या बाबतीत वस्तुपाठ कुणी घातला, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. बोले तैसा चाले, याची ती परीक्षा होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. रानड्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांचा विरोध होता, टोमणे होते, तरी मराठी झालं, मग इंग्रजी झालं. रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो; पुढे पुण्याचं सेवासदन त्यांनी उभं केलं. बायकोला शिकवण्याच्या बाबतीत रानड्यांनी त्या काळात जो वस्तुपाठ घालून दिला तो कमी मोलाचा नव्हता. म्हणजे एकच माणूस एका बाबतीत वस्तुपाठ घालून देतो आणि दुसऱ्या बाबतीत नाही. ‘आदर्श’ म्हटलं की ही सोय राहत नाही. तिथे माणूस एक तर मखरात जातो, नाही तर मखरातून खाली ओढला जातो.

‘त्यांचं जीवन म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ’ या वाक्याशी माझं भांडण ते हेच. त्याग कोणता केला, कधी केला, काय सोडलं, हे पुढच्या ओळीत असेल तर शब्द टिकतो. बहुतेक श्रद्धांजलीच्या मजकुरात पुढची ओळ ‘त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी’ ही असते.

शेजारपाजारचे शब्द

‘आदर्श’चा विषय निघालाच आहे, तर त्याचा मूळ अर्थ जाता जाता सांगतो, कारण तो फार जणांना माहीत नसतो. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धुराने अग्नी झाकला जातो, मळाने आरसा झाकला जातो, तसं कामाने ज्ञान झाकलं जातं असं म्हटलंय. तिथे आरशाला शब्द ‘आदर्श’ हाच आहे. ज्यात पाहून स्वतःला नीट करायचं ती वस्तू, या अर्थावरून आजचा अर्थ आला असावा हे पटण्यासारखं आहे. मराठीत मात्र आरसा केव्हाच निघून गेला. उरली ती उंचावर ठेवलेली मूर्ती, आणि सरकारी कामकाजातलं विशेषण: आदर्श शिक्षक, आदर्श गाव, आदर्श आचारसंहिता.

‘कित्ता’ हा वस्तुपाठाचा थोरला भाऊ म्हणावा इतका जुना आणि घरचा. पंतोजी वर एक ओळ घालून द्यायचे, वळणदार, प्रत्येक वेलांटी-उकार जिथल्या तिथे. मुलाने ती ओळ खाली उतरवायची, त्याआधी तीच अक्षरं गिरवायची: धुळपाटीवर बोटाने, मग पाटीवर पेन्सिलीने, मग कागदावर बोरूने. गिरवणं म्हणजे काढलेल्या अक्षरावरूनच पुन्हा पुन्हा हात फिरवणं. हाताला वळण लागेपर्यंत डोकं चालवायचं काम नाही. कित्त्यात स्वतःचं काही घालायचं नसतं; तसं केलं तर छडी ठरलेली. म्हणूनच ‘कित्ता गिरवणे’ या वाक्प्रचाराला दोन्ही बाजूंनी धार आहे. ‘मुलाने वडिलांचा कित्ता गिरवला आणि शेतीत नाव काढलं’ हे कौतुक झालं. ‘नव्या सरकारनेही जुन्यांचाच कित्ता गिरवला’ हा टोमणा झाला. वस्तुपाठात अशी नक्कल अपेक्षित नसते. काच हातात घेऊन ‘पारदर्शक’ हा शब्द शिकलेलं मूल उद्या पाण्याबद्दल तो आपणहून वापरतं. वस्तुपाठाचं काम तेव्हा झालं असं समजायचं.

‘नमुना’ची गंमत निराळी. नमुना उत्तम असावा लागत नाही, तो प्रातिनिधिक असावा लागतो. रक्ताचा नमुना, मातीचा नमुना, सहीचा नमुना. दुकानदाराने दाखवलेला तांदळाचा नमुना पोत्यातल्या तांदळापेक्षा चांगला निघाला, तर ती फसवणूक ठरते. महसूल खात्यात नमुना म्हणजे ठरवून दिलेला तक्ता. तलाठ्याकडच्या गाव नमुन्यांपैकी सात क्रमांकाचा हक्कांचा आणि बारा क्रमांकाचा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले की झाला सातबारा. म्हणजे ज्या उताऱ्यावरून घराघरांत भांडणं होतात, त्याच्या नावातही मुळात दोन नमुनेच आहेत. आणि माणसाला नमुना म्हटलं की संपलंच: ‘काय नमुना आहे!’ यात आदर किती असतो ते सांगायला नको. ‘नमुनेदार’मध्ये मात्र जुनी प्रतिष्ठा अजून थोडी शिल्लक आहे, ‘नमुनेदार बाग’ म्हटलं तर माळी रागावणार नाही.

प्रातिनिधिक आणि उत्तम यांत इतका गोंधळ का होतो, ते संस्कृतच्या तासाला चांगलं दिसतं. आठवीत आल्यावर ‘देव’ शब्द चालवायला शिकतात: देवः देवौ देवाः. मग बाई सांगतात, नृप, बालक, वृक्ष हे सगळे देवप्रमाणे चालवा. इथे ‘देव’ निवडला तो त्याची थोरवी पाहून नव्हे. तो नियमाबाहेर कुठे जात नाही, त्याच्यात अपवाद नाहीत, म्हणून. व्याकरणातला हा नमुना पूर्णपणे कामापुरता असतो. आदर्श शब्दात मूल्य आहे, नमुन्यात फक्त प्रकार. वस्तुपाठ या दोन्हींच्या मधे उभा आहे: तो चांगलाही हवा आणि पद्धत दाखवणाराही हवा. म्हणूनच तो वापरायला अवघड.

‘मासला’ नमुन्याच्या जवळचा, पण बहुधा थट्टेत येतो. ‘त्यांच्या भाषणाचा हा मासला पाहा’ असं म्हटलं की पुढे काहीतरी हास्यास्पद येणार हे वाचक ओळखतो. ‘दाखला’ पुराव्याकडे झुकतो. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला यांनी तो शब्द अर्धा कचेरीत नेऊन बसवलाय. ‘पायंडा’ कुणीतरी पाडतो आणि मग इतर त्यावरून चालत राहतात, तो चांगला असो वा वाईट. तिथे समजून घेण्याचा प्रश्न येत नाही, पुढच्याला फक्त ‘याआधीही असंच झालं होतं’ एवढं म्हणायचं असतं.

‘दृष्टान्त’ आणि वस्तुपाठ यांची गल्लत पुष्कळदा होते, कारण दोन्ही शिकवण्यासाठीच असतात. पण दृष्टान्त ही सांगितलेली गोष्ट आहे, घडलेली असेलच असं नाही. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या जुन्या मराठी ग्रंथात ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची बांधणी तीन भागांची: आधी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचं सूत्र, मग दृष्टान्ताची छोटी कथा, मग ती कथा सूत्राला कशी लागू पडते ते दार्ष्टान्तिक. म्हणजे कथेचा अर्थ उलगडून सांगणारा कुणीतरी लागतोच. वस्तुपाठाला दार्ष्टान्तिक लागत नाही. समजावून सांगावं लागलं, तर तो वस्तुपाठ कच्चा होता.

आणि ‘धडा’. शब्दशः पाहिलं तर पाठ आणि धडा एकच, पण मराठीत धडा कडू असतो. धडा शिकवतात तो समोरच्याची खोड मोडायला, धडा घेतात तो ठेच लागल्यावर. इंग्रजीतलं ‘ऑब्जेक्ट लेसन’ आज पुष्कळदा अशाच ठेचेच्या अर्थाने वापरतात: अमक्या कंपनीचं बुडणं हा अतिलोभाचा ऑब्जेक्ट लेसन, वगैरे. तिथून मराठी करताना डोळे मिटून ‘वस्तुपाठ’ लिहिलं, तर वाचक बुचकळ्यात पडतो, की लेखक अतिलोभाचं कौतुक करतोय की काय. अशा ठिकाणी सरळ ‘धडा’ लिहावं.

आदर्श गाव, आणि त्यातला वस्तुपाठ

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे आदर्श गाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले, तेव्हा ते इतर कुठल्याही दुष्काळी गावासारखंच होतं: पाणी नाही, डोंगर बोडके, माणसं कामासाठी बाहेर. पुढे बांधबंदिस्ती झाली, झाडं लागली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. आज तिथे गाड्या भरभरून लोक पाहायला जातात.

गाडीतून उतरणाऱ्याला गाव स्वच्छ दिसतं, हिरवं दिसतं, आणि तो ‘आदर्श’ म्हणून परत जातो. त्या गावातला खरा वस्तुपाठ मात्र एका हिशोबात आहे. गावात पाऊस मोजतात. विहिरींची पातळी पाहतात. पावसाळा संपला की यंदा पाणी किती मिळालं याचा ताळेबंद मांडतात. त्यातून पहिल्यांदा माणसांच्या पिण्याचं बाजूला काढायचं, मग गुरांचं, आणि उरेल ते शेतीला. उरलं कमी, तर कोणती पिकं घ्यायची नाहीत हे ग्रामसभेत ठरतं. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला मज्जाव, शेतीसाठी बोअर मारायला बंदी. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कुणालाही हे समजेल.

ही वही दुसऱ्या गावाला उद्या उघडता येते. लागतं ते पर्जन्यमापक, विहिरीत सोडायची दोरी, आणि ‘यंदा ऊस नाही’ असं म्हणणारी ग्रामसभा. पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. तेव्हा हिवरे बाजार आदर्श गाव आहे असं म्हणणाऱ्याने गावाचा गौरव केला. ‘पाणी वाटून घेण्याचा वस्तुपाठ’ म्हणणाऱ्याने दुसऱ्या गावाच्या सरपंचाला काम लावलं.

वाक्यात कसा बसवायचा

वस्तुपाठ पुल्लिंगी. त्याचं जिवाभावाचं क्रियापद ‘घालून देणे’. शिक्षक मुलांना गणित घालून देतात, ओळ घालून देतात, त्यातलंच हे ‘घालून देणे’. ‘वस्तुपाठ ठरला’ चालतं, ‘वस्तुपाठच होता तो’ हेही चालतं. ‘वस्तुपाठ दिला’ जरा पोकळ वाटतं. ‘वस्तुपाठ गिरवला’ असंही हल्ली वाचायला मिळतं; तिथे दोन वाक्प्रचारांची सांधेजोड झालीय. गिरवतात तो कित्ता.

लिहिताना शंका आली, तर मी एक साधी तपासणी करतो. ‘अमक्याचा वस्तुपाठ घातला’ काढून तिथे ‘अमुक कसं करायचं ते करून दाखवलं’ असं घालतो. ‘कमी खर्चात संमेलन कसं भरवायचं ते करून दाखवलं’: ठीक. ‘आपल्या सौंदर्याने सौंदर्य कसं करायचं ते करून दाखवलं’: कोसळलं. दुसऱ्या वाक्यात मुळात वस्तुपाठ नव्हताच.

उपरोधाने वापरायचा असेल तर ‘कसं करू नये याचा वस्तुपाठ’ अशी उघड वाट आहे, आणि ती मराठीला मान्य आहे. पूल बांधून झाल्यावर रस्ता कुठून न्यायचा याचा विचार सुरू झाला, तर नियोजन कसं करू नये याचा तो वस्तुपाठ. ‘करू नये’ हे शब्द वाक्यात हवेतच. ‘ढिसाळ नियोजनाचा वस्तुपाठ’ही लोक लिहितात आणि वाचक हसून समजून घेतो, पण महिन्यातून एखाद्या वेळी. रोज वापरला की उपरोध जातो आणि शब्द बोथट होतो.

राहता राहिलं शुद्धलेखन. एकटी ‘वस्तू’ दीर्घ, पण समासात पहिलं पद झालेली तत्सम ‘वस्तु’ ऱ्हस्व: वस्तुस्थिती, वस्तुनिष्ठ, वस्तुसंग्रहालय, आणि तसाच वस्तुपाठ. साहित्य महामंडळाच्या नियमाप्रमाणे बुद्धी आणि बुद्धिवैभव यांत जो फरक, तोच इथे. संगणकावर टंकताना सुचवलेल्या शब्दांत ‘वस्तूपाठ’ही येतो आणि घाईत तोच राहून जातो. शाळेच्या वार्षिक अंकात ‘शुद्धलेखनाचा वस्तूपाठ’ असा मथळा आला, तर मुख्याध्यापकांनी त्यात ‘कसं करू नये’ एवढी भर घालून घ्यावी.